कोंडवेळला सीताफळं नेली त्याची गोष्ट

पाटोद्याचा बाजारतळ मागं पडला आणि नामदेवनं पिकअप कडेला घेऊन मागचा दोर पुन्हा एकदा आवळला. दिवस नुकता उगवत होता. मागं सीताफळांचे क्रेट, त्यावर कडुलिंबाचा पाला, पाल्यावर ओली पोती. पुढं केबिनमध्ये नामदेव, मी आणि गयाकाकू. गयाकाकू माझ्या चुलत सासूबाई. गळ्यात माळ, साठी उलटलेली, जीभ विळ्याची.

"बघ सुले, अजून येळ हाय," काकू म्हणाल्या. "हितून चालत बी घरी जाता येतं."

"मग तुमी कावून बसलात गाडीत?"

"तुज्यावर ध्यान ठिवायला. दर्याला जाती म्हणं. नदी तरी बघितली का कदी धड?"

नदी बघितलेली होती, पण पाण्यासकट क्वचितच. यंदा तर पाऊस मृगात एकदा तोंड दाखवून गेला तो गेलाच. कापूस गुडघ्याएवढा होऊन वाळला. हिरवं काय राहिलं असेल तर बालाघाटाच्या कड्यावरची सीताफळाची झाडं. त्यांना कुणी पाणी घालत नाही, त्यांचा पाला शेळीही खात नाही, म्हणून ती टिकली. आम्ही वाडीच्या बायांनी मिळून या फळांची सहकारी संस्था काढली त्याला आता तिसरं वर्ष. मी तिची सचिव. सचिव झाले ते मोठ्या अकलेमुळं नव्हे, मला सही करता येते आणि एस.टी.ची पाटी वाचता येते म्हणून.

शाळा माझी सहावीत सुटली. आमच्याकडं दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या येतात, आणि आईबाप निघाले की पोरंही निघतात. मीही तशीच निघाले आणि परत आले तेव्हा वर्गातली जागा भरलेली होती. आता माझी रूपाली सहावीत आहे. यंदा सगळ्याच बाया म्हणत होत्या, घरात दाणा नाही, गेल्याशिवाय गत नाही. आमचा मुकादम (तोडीला माणसं नेणारा) भास्करभाऊजी, म्हणजे या गयाकाकूंचाच मुलगा. त्याला आम्ही सांगितलं होतं, "ही एक खेप समुद्राकडं जाऊन येऊ द्या. माल खपला तर थांबू, न्हाई खपला तर तुमच्या गाडीत बसू." तो हसून म्हणाला होता, "जा की वैनी. तोवर मी गाडी धुऊन ठिवतो."

समुद्रकाठच्या कोंडवेळला कोण ओळखीचं होतं? कुणीच नाही. नामदेव आमच्या भागातला खवा घेऊन तिकडच्या हॉटेलांना घालतो. त्यानं तिथल्या एका मोठ्या रिसॉर्टच्या मॅनेजरसाहेबांना चार सीताफळं खायला दिली. साहेब म्हणाले, दिवाळीच्या सुट्टीत आमच्या खोल्या भरलेल्या असतात, प्रत्येक खोलीत टोपलीभर ठेवू, फक्त माल कडक आणा, पसंत पडला तर दर आठवड्याला घेऊ. एवढ्या शब्दावर आम्ही भाऊबीज उरकून दुसऱ्याच दिवशी निघालो.

आष्टीला चहा झाला. नगरच्या पुढं ऊन चढलं. आमच्याकडं सीताफळ लांब न्यायचं तर एक रीत आहे. वारा कोरडा असतो, तो लागला की साल काळी पडते आणि तडकते, म्हणून वर ओलं पोतं टाकायचं आणि ते सुकू द्यायचं नाही. घरून निघताना काकूंनी पिण्याच्या घागरीतलं पाणी त्या पोत्यांवर शिंपडलं होतं, जीव तोडून, ओंजळ-ओंजळ. पण पुण्याच्या पुढं ताम्हिणीचा घाट लागला आणि सगळा मुलूखच बदलला. रस्त्याच्या कडेला खडकातून पाणी झिरपत होतं. हॉटेलच्या मागं नळ होता आणि त्याला कुलूप नव्हतं.

"गाडी थांब रं," काकू म्हणाल्या. उतरल्या, डबा भरला आणि पोत्यांवर रिता केला. पुन्हा भरला, पुन्हा रिता केला. "घ्या गं बायांनो, प्या. आपल्याकडं कुठलं इतकं!" त्या सीताफळांशीच बोलत होत्या. पुढं जिथं जिथं पाणी दिसलं तिथं तिथं गाडी थांबली. मीही उतरून शिंपडत होते. नामदेव एकदा म्हणाला, "वैनी, बास करा, गाडी पोहायला लागंल." आम्ही दोघी हसलो. इतकं पाणी हातानं उधळायला मिळतंय याचा आनंद कसा असतो ते आपल्याकडच्या माणसाला सांगायची गरज नाही.

संध्याकाळी एका वळणावर झाडी संपली आणि समुद्र दिसला. काकूंनी डोळ्यांवर हात धरून बराच वेळ इकडून तिकडं पाहिलं.

"बांध कुठाय ह्याला?" त्यांनी विचारलं.

"ह्याला बांध नसतो काकू," नामदेव म्हणाला.

"मग कुणाचं कुठवर ते कसं कळतं?"

कोंडवेळमध्ये शिरताना दोन्ही बाजूंना पाट्याच पाट्या. घरगुती जेवण, एसी रूम, समुद्राला लागून रूम, मासळी थाळी. माडांच्या आडून मोठमोठ्या इमारती आणि त्यांच्या मधेच कुठंतरी दोन कौलारू घरं, दारात जाळं, जाळ्यावर मांजर. मॅनेजरसाहेबांचं रिसॉर्ट एकदम वाळूला लागून होतं. गेटवर रखवालदारानं अडवलं. साहेब बाहेर आले, सज्जन माणूस, "ताई, आता पाहुण्यांची वर्दळ आहे, माल सकाळी आणा," म्हणाले. नामदेवला खवा घेऊन पुढं जायचं होतं आणि तो तिसऱ्या दिवशी परत येणार होता. मग क्रेट कुठं ठेवायचे?

रखवालदारानंच बोट दाखवलं. किनाऱ्याच्या टोकाला मच्छीमार बायकांच्या संस्थेचा बर्फाचा कारखाना होता आणि त्याला लागून पत्र्याची शेड. तिथं एक बाई जमिनीवर बसून टोपल्यांना नवी दोरी बांधत होती. नेसायला काष्टा, केसात अबोलीचा गजरा, दंड माझ्या मांडीएवढे. हिराबाई तिचं नाव. ती त्या संस्थेची अध्यक्ष आहे हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, तोवर मी तिला राखणदार समजत होते.

"कंच्या गावची गो तुमी?" तिनं विचारलं.

"बीड जिल्हा. पाटोद्याकडच्या."

"ते कुठशी आयलं?"

"लई लांब," काकू म्हणाल्या. "जितं पाऊस इसरतो तितं."

हिराबाई मोठ्यानं हसली आणि शेडचं दार उघडलं. क्रेट आत लावले. काकूंनी रिवाजाप्रमाणं पोत्यांवर पुन्हा पाणी मारलं आणि वरून ताडपत्री घट्ट गुंडाळली. समुद्राचा वारा सुटला होता, फळांना लागू नये म्हणून.

जेवायला हिराबाईनं घरी नेलं. नाही म्हणायची सोयच तिनं ठेवली नाही. तांदळाची भाकरी, बांगड्याचं कालवण, कोलंबी. मी संकोचानं बसले आणि पोटभर जेवले. काकू माळकरी. त्यांच्यासाठी हिराबाईच्या सुनेनं नवं पातेलं काढून त्यात डाळ शिजवली, चूलसुद्धा वेगळी मांडली. काकू मला हळूच म्हणाल्या, "न सांगता येगळी चूल मांडली. आपल्यात कोण करंल गं?" परमुलखात पहिल्या संध्याकाळी मिळालेलं ते ताट मी विसरणार नाही.

जेवताना हिराबाई सांगत होती. जिथं आता रिसॉर्टचा पोहायचा हौद आहे तिथं तिची सासू जाळी सुकवायची. हौदाची गोष्ट ऐकून काकूंनी विचारलं, "मग त्या हौदाचं पाणी कुणाच्या रानाला जातं?"

"कुणाच्याच नाय. त्यात माणसं डुंबतात."

"आन् बाजूला एवढा दर्या असून?"

"हां."

काकूंनी घास खाली ठेवला. "आन् आमाला येडं म्हणतात."

हिराबाईचा थोरला मुलगा होडीवर जायचा तो आता पाहुण्यांना पाण्यावर फिरवून आणतो. पुढच्या दोन खोल्या तिनंही भाड्यानं दिल्या होत्या. "मासळी सुकवली का हॉटेलवाले वास आला म्हणून येतात," ती म्हणाली. "आमचा वास गो! पन्नास पिढ्यांचा वास. पण पाहुणे आयले तवा चार पैसेबी आयले, खोटं कशाला बोलू." तिच्या बोलण्यात रड नव्हती. ती भांडत होती आणि कमावतही होती, दोन्ही एकदम.

सकाळी मी शेडमध्ये गेले आणि दारातच थबकले. आत गोड वास कोंडला होता, पेढ्याच्या दुकानात येतो तसा. ताडपत्री सोडली तर आतून वाफ आली. पोतं उचललं आणि एका फळाला बोट लावलं, तर बोट आत गेलं. दुसऱ्याला लावलं. तिसऱ्याला. वरचे क्रेट, खालचे क्रेट, सगळीकडं तीच गत. निघताना दगडासारखी होती ती फळं, डोळे नुकते उघडलेली (सीताफळाच्या खवल्यांमधल्या रेघा पांढऱ्या पडल्या की आम्ही डोळा उघडला म्हणतो), घरी अजून तीन-चार दिवस पिकली नसती. पण हा मुलूख कोरडा नव्हता. इथली हवाच ओली. त्यात आम्ही रस्ताभर पाणी पाजलं, वरून गुंडाळलं. वाऱ्यापासून वाचवायला म्हणून आम्ही त्यांची पिकवायची आढीच घातली होती.

काकू मागून आल्या. त्यांनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "मीच की गं," एवढंच म्हणाल्या.

"दोघींनी मिळून," मी म्हणाले.

मॅनेजरसाहेबांनी गेटवर येऊन फळं दाबून पाहिली. रागावले नाहीत, उलट एक उघडून खाल्लं आणि "चव फार सुंदर आहे," म्हणाले. पण पुढं म्हणाले, "ताई, पाहुणा तीन दिवस राहतो. पहिल्याच दिवशी टोपलीत चिलटं झाली तर मी काय सांगू? एक क्रेट स्वयंपाकघराला ठेवा. बाकीचं पुढच्या वेळी बघू."

पुढच्या वेळी बघू हे शब्द मी आयुष्यभर ऐकलेत. त्यांचा अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको. परत शेडकडं चालताना माझ्या डोळ्यांपुढं समुद्र नव्हताच. भास्करभाऊजीनं धुऊन ठेवलेली गाडी होती, तिच्यात बसलेल्या आमच्या बाया होत्या आणि फळ्यांना धरून उभी असलेली रूपाली.

शेडमध्ये गयाकाकू क्रेटाशेजारी फतकल मारून सीताफळ खात बसल्या होत्या. मला वाटलं, आता म्हणतील, सांगितलं होतं ना. मुलाच्या गाडीला माणसं मिळणार होती, त्यांना तर बरंच होतं. पण त्यांनी बिया थुंकल्या आणि म्हणाल्या, "लई गोड हाय. दुष्काळाचं फळ हाय, त्याच्यात पाणी न्हाई, नुसती साखर. ह्याला न्हाई म्हणणारा येडा. ऊठ, आपण इकू."

"कुठं इकू? आपल्याला हितं कोण वळखतं?"

"मला तरी कोण वळखत हुतं लगीन करून आले तवा?"

एवढ्यात हिराबाई आली. मी तोंड फिरवलं, पण तिनं पाहिलं. तिनं एक फळ उचललं, फोडलं, तोंडात टाकलं.

"एका दिवसात संपवाय होवा ना? मग रडतंस कनाला? माझं मावरं (मासळी) तर रोज संध्याकाळी मरतं. मी रोज रडू?"

ती आम्हाला बंदरावर घेऊन गेली. होड्या नुकत्याच लागल्या होत्या आणि वाळूवर लिलाव चालला होता. बायका टोपलीभोवती गोल उभ्या होत्या, बोली चढत होती, शिव्याही चढत होत्या. मला वाटलं होतं कडेला पोतं अंथरून बसू. पण हिराबाईनं सांगितलं, तसं चालत नाही. इथं वाळूवर प्रत्येक कोळणीची जागा ठरलेली, ती सासूकडून सुनेकडं जाते. ज्या घराचा जाळ्यात वाटा नाही त्या घरच्या बाईला बंदरावर बसून विकता येत नाही. रिसॉर्टवाल्यांनी एकदा इथं दुकान टाकायचा प्रयत्न केला तेव्हा याच नियमानं बायकांनी ते उठवलं होतं. "तो मोडला तर उद्या कोणपण बसंल," ती म्हणाली. "तुझ्यासाठी नाय मोडनार."

मला वाईट वाटलं, पण पटलं. संस्था आमचीही होती. व्यापाऱ्यानं कड्यावर थेट माल घेऊ नये म्हणून आम्हीही नियम केलेला आहे.

हिराबाईनं लिलाव संपू दिला. मग मोठ्यानं हाक घातली आणि बायका जमल्या. तिथंच उभ्या-उभ्या सभा झाली. एक तरणी कोळीण म्हणाली, "आमी मावरं इकावं का फळं? उद्या ही आंबे आणील." दुसरी म्हणाली, "माझ्या टोपलीला गोड वास लागंल, मग मावरं कोण घील?" यावर सगळ्या हसल्या. एक म्हातारी मात्र काकूंकडं बघत होती. तिनं विचारलं, "तुमची पोरं ऊसतोडीला जातात ना गो? घाटावर कारखान्याला बघितलीत मी तसली माणसं. थंडीत पालात राहायची. बारकी पोरंबी."

"व्हय," काकू म्हणाल्या. "माजाच ल्योक नेतो त्यास्नी."

काकू पुढं म्हणाल्या, "चांगला हाय पोरगा. पर पोट भराया दुसरी वाट न्हाई म्हणून चांगला माणूस बी तसलंच काम करतो. ही सुली दुसरी वाट काढाया आलीया. ती वाट मीच पाणी घालून कुजवली."

हिराबाई म्हणाली, "बाहेरच्या बाईनं बंदरावर बसायचं नाय, हा नियम हाय. पण कोळणीनं टोपलीत कं घ्यायचं त्याला नियम नाय."

असं झालं आणि कोंडवेळच्या किनाऱ्यावर त्या दुपारपासून कोळणी सीताफळं विकायला निघाल्या. मासळी विकून रिकाम्या झालेल्या टोपल्या त्यांनी समुद्राच्या पाण्यानं घासल्या, आमच्या क्रेटातला कडुलिंबाचा पाला त्यात अंथरला. आम्ही दोघी फळं निवडून देत होतो. हाताला जरा घट्ट लागणारी खालच्या थराला, मऊ वरच्या. किलोचा भाव कुणी विचारलाच नाही. मासळीसारखे वाटे लावले, पाच-पाच फळांचे, आणि गिऱ्हाईक घुटमळलं की वर एक फळ फोडून हातात ठेवायचं. खाल्लं की पाहुणा घेतल्याशिवाय जात नसे.

मी हिराबाईच्या मागं मागं गेले. ती पाहुण्यांच्या खुर्च्यांमधून अशी चालत होती जणू ही वाळू तिच्या घरचं अंगण आहे. एक पुण्याकडच्या बाई म्हणाल्या, "हे काय, कोळणी सीताफळ विकतात?"

"आज दर्यात हेच लागलं जाळ्यात," हिराबाईनं सांगितलं.

"खरं सांगा हो, कुठलं आहे?"

"ते हिला इचारा. ही पिकवतं."

त्या बाई माझ्याकडं वळल्या. मग मी सांगितलं, आमचा डोंगर कसा आहे, झाड दगडात कसं उगवतं, पाऊस नाही झाला की फळ लहान होतं पण जास्त गोड होतं, आणि आमच्या वाडीच्या बाया ते तोडायला पहाटे कड्यावर कशा चढतात. बोलता बोलता माणसं गोळा झाली. मी इतक्या अनोळखी माणसांपुढं याआधी कधी बोलले नव्हते. त्या बाईंनी दोन वाटे घेतले. शेजारच्यांनी तीन घेतले. हिराबाई जाताना माझ्या कानात म्हणाली, "ओरडायला शीक. बोलतंस बरं."

पण सगळा माल वाट्यांनी जाण्यासारखा नव्हता. जी फळं अगदीच फुटली होती त्यांचा गर काढायचा ठरला. बर्फ संस्थेच्या कारखान्यात होताच. दहा-बारा बायका मांडी घालून बसल्या आणि पहिल्याच पातेल्याला काकू ओरडल्या, "थांबा गं! हात दावा."

एका कोळणीनं हात पुढं केला. काकूंनी वास घेतला आणि लुगड्याचा पदर नाकाला लावला.

"ह्या हातानं गर काढला तर बासुंदीत बोंबील लागंल."

"धुतलेत गो मावशे, साबनानं."

"साबनानं काय हुतंय? राख आना. आन् ते आंबट काय असतं तुमचं..."

"कोकम?"

"तेच. राखेनं घासा, कोकमानं चोळा, मग मला दावा. वास आला तर परत."

आणि दणकट दंडांच्या त्या कोळणी शाळेतल्या पोरींसारख्या रांगेनं माझ्या काकूंना हात हुंगवायला उभ्या राहिल्या. हिराबाई दोनदा नापास झाली. हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग गर निघाला, बिया वेगळ्या झाल्या, डबे बर्फात गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः एक डबा घेऊन रिसॉर्टच्या गेटवर गेले. या खेपेला रखवालदाराला मी नाव सांगितलं, संस्थेचं नाव सांगितलं आणि साहेबांना बोलवा म्हणाले. साहेबांनी चमच्यानं चाखून पाहिलं, त्यांच्या आचाऱ्यालाही दिलं. आचारी म्हणाला, आईस्क्रीमला हेच पाहिजे, सोलायची कटकट नाही. साहेबांनी सगळे डबे ठेवून घेतले. टोपलीतल्या फळांचा विषय मीच काढला. "कडक फळ पुढच्या खेपेला आणते. ह्यावेळी आमची पाण्याची चूक झाली, ती आता होणार न्हाई. पुढच्या आठवड्यात याच दिवशी, याच वेळेला गाडी येईल, गेट उघडं ठेवा." बाहेर आल्यावर मला आश्चर्य वाटलं की हे मीच बोलले.

तिसऱ्या दिवशी नामदेव आला तेव्हा शेडमध्ये आमचे रिकामे क्रेट नव्हते. ते भरलेले होते. सुकट, बोंबील, वाकट्या. हिराबाईनं ते तिच्या बायकांकडून गोळा केले होते. पाहुण्यांना ताजी मासळी लागते, सुकी त्यांना नको असते, आणि ती वाळूवर वाळवली की रिसॉर्टवाले तक्रार करतात, त्यामुळं घराघरात साठून राहिली होती. आपल्याकडं तर आठवडी बाजारात सुकटीला केवढी मागणी. चार दाणे सुकट भाजून भाकरीबरोबर खाल्ली की कोरड्यासाची (तोंडी लावण्याची) चिंता नाही.

"रिकाम्या हातानं धाडत नाय आमी," हिराबाई म्हणाली. "हे तुमच्या बाजारात इक. पुढच्या खेपेला तुझं फळ माझ्या टोपलीत, माझं सुकं तुझ्या क्रेटात."

मी तिच्या पाया पडायला वाकले तर तिनं दंडाला धरून उभं केलं. "पाया कनाला पडतंस? येत जा."

निघताना काकूंनी वाळूवर जाऊन समुद्राला हळदकुंकू वाहिलं. परत येऊन नामदेवला म्हणाल्या, "बांध नसंना का. माणसं बरी हायती कडंची."

परतीचा प्रवास म्हणजे वासाचा प्रवास. माळकरी गयाकाकू नाकाला पदर लावून बसल्या होत्या, आणि दर थांब्याला उतरून "मांजर आलं का बघते" म्हणत क्रेटांची राखणही त्याच करत होत्या. नगरच्या अलीकडं एका हॉटेलवाल्यानं हात हलवून सांगितलं, "बाई, गाडी पुढं लावा, गिऱ्हाईक उठतंय." काकू तिथूनच ओरडल्या, "तुज्या गिऱ्हाईकाला इचार, भाकरीसंगं काय खातं ते!" तर त्यातलं एक गिऱ्हाईक खरंच उठून आलं आणि सुकट विकत घेऊन गेलं. ती आमची पहिली भवानी (दिवसातली पहिली विक्री).

वाडीत पोचलो तर पारावर बाया बसलेल्या होत्या. भास्करभाऊजीही होता. त्याची गाडी शाळेच्या भिंतीला लागून उभी होती.

"काय वैनी, दर्या बघितला का?"

"बघितला."

"मग? उद्या सकाळी माणसं भरू?"

मी उत्तर द्यायच्या आत काकू केबिनमधून उतरल्या. "भर की. पर इचारून भर."

"आये, तू कुणाच्या बाजूची?"

"मी क्रेटाच्या बाजूची. उतरव आदी. मासळी हाय, माझ्या हातनं उचलवत न्हाई."

भास्करभाऊजीनं क्रेट उतरवले. मग त्यानं जे विचारलं ते रास्त होतं. म्हणाला, "सीताफळ अजून महिनाभर. फार तर सव्वा. त्याच्या फुडं काय खाणार? आन् बाई न्हाई आली तर गडी अर्धा कोयता, ठावं हाय ना?" (ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस अर्धा, त्याला कुणी नीट विचारत नाही.)

मी बायांना होतं ते सगळं सांगितलं, चुकीसकट. पोत्यावर पाणी मारायचं नाही, डोळा उघडायच्या एक दिवस आधीच तोडायचं, फुटलेल्याचा गर करायचा. महिन्यानंतर सीताफळ नसेल, पण सुकटीची गाडी येत राहील आणि गर बर्फात टिकेल. हे पुरेल का? मला ठाऊक नाही, मी तसं म्हणालेही. ज्यांना जायचं त्यांनी जावं, संस्थेत त्यांची जागा राहील, रुसवा नाही.

पहाटे मी कड्याकडं निघाले. वाटेवर कुणी नव्हतं. वर चढले तर आधीच आवाज येत होते. गयाकाकू एका दगडावर उभ्या राहून ओरडत होत्या, "अगं उगडा डोळा न्हाई, मिटता डोळा तोड! मिटता!" आणि झाडाझाडाखाली बाया होत्या. सगळ्या नव्हत्या. चार घरं भास्करभाऊजीच्या गाडीत गेली. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही, त्यांची पोरंही गेली याचं मात्र वाईट वाटलं. दोन गडी अर्धा कोयता म्हणूनच गेले, बायकांना मागं ठेवून. आमचे हे शेळ्यांपाशी राहिले.

मी शिकलेली नाही, प्रवास असा हा एकच. लोक समुद्र बघून येतात तेव्हा लाटा सांगतात, सूर्यास्त सांगतात. मला विचाराल तर मी सांगेन की तिथं रोज मरणारा माल रोज विकणाऱ्या बाया राहतात, आणि त्यांनी त्यांचा नियम न मोडता आम्हाला आत घेतलं. त्या गावाला नवी माणसं, नवी हॉटेलं काय काय आली, पण टोपली त्यांनी सोडली नाही. आपल्याकडंही असं होऊ शकतं, हे मी आता छातीवर हात ठेवून सांगू शकते.

पुढच्या सोमवारी सुट्टी संपून शाळा उघडली. आम्ही वर कड्यावर पुढच्या खेपेचा माल तोडत होतो. खालून पोरांची प्रार्थना ऐकू आली आणि मग मास्तर नावं घेऊ लागले. दरवर्षी दिवाळीनंतर आमच्या शाळेची हजेरी बघता बघता संपते. यंदा त्यांना बराच वेळ लागला.